आर्थर रोडचं हॉस्पिटल आणि खोजांची सुई : १८९६ ते ९८ च्या मुंबईत कोणी कुठल्या डॉक्टरवर विश्वास ठेवला

२९ ऑक्टोबर १८९६ ला मुंबईत हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग हॉस्पिटलवर चालून गेले. प्लेगला सुरुवात होऊन महिना-सव्वा महिनाच झाला होता आणि या लोकांची पक्की खात्री होती की आत माणसं बरी करायला नाही, मारायला नेतात. यानंतर काही महिन्यांतच याच शहरात खोजा (आगाखानांना इमाम मानणारे मुसलमान) जमातीची हजारो माणसं स्वतःहून एका रशियन ज्यू शास्त्रज्ञाकडे जाऊन दंडात सुई टोचून घेत होती, तीसुद्धा अशी नवीकोरी लस की जी टोचल्यावर सणकून ताप यायचा आणि हात सुजायचा. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी वाचल्या तेव्हापासून हे प्रकरण डोक्यातून जातच नाहीये, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

आपल्याकडे यावर एक तयार उत्तर असतं, लोक अडाणी होते, अंधश्रद्धाळू होते, संपलं. मला ते उत्तर पटत नाही, आणि का पटत नाही तेच खाली सांगतो.

आधी शहर कसं होतं ते बघू. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४. प्लेग पहिल्यांदा सापडला तो मांडवीत, म्हणजे बंदराला लागून धान्याची गोदामं, गोदामांत उंदीर, वर माणसं. सप्टेंबर १८९६ मधे डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी पेशंट बघून सांगितलं की हा गाठीचा प्लेग आहे. (धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, रोज तिथून हजारो लोक जातात.) तेव्हा त्यांचंही कोणी लगेच मानलं नाही, बरीच खळखळ झाली, मग दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासून दुजोरा दिला. म्हणजे अविश्वासाची सुरुवात चाळीतून झाली नव्हती, वरच्या मंडळींपासूनच झाली होती.

एकदा प्लेग म्हणून मान्य झाल्यावर मात्र कारभार एकदम उलटा फिरला. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला. पेशंट सापडला की सक्तीने हॉस्पिटलात हलवायचा, घर धुऊन काढायचं. पुढे पुढे तर घरात ऊन यावं म्हणून कौलं काढायची, चिंध्या-गोधड्या जाळायच्या, नातेवाईकांना वेगळं छावणीत ठेवायचं, हे सगळंच सुरू झालं. आता रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेला माणूस डोळ्यासमोर आणा, एका खोलीत आठदहा जण, सगळा संसार म्हणजे दोन ट्रंका आणि चार गोधड्या, एक दिवस घरातल्या कुणाला ताप भरतो, गणवेशातली माणसं येतात, पेशंट उचलतात, गोधड्या जाळतात, आणि तो माणूस परत दिसत नाही. त्याला कोणी काही समजावून सांगितलेलं नसतं, हॉस्पिटलात ओळखीचं कोणी नसतं, आतली भाषा त्याची नसते, आणि प्रेतसुद्धा आपल्या रितीने मिळेल की नाही याची खात्री नसते.

अशा वेळी ज्या अफवा उठल्या त्या भयंकर होत्या. हॉस्पिटलात माणसाला उलटं टांगून खाली जाळ करतात आणि डोक्यातून 'मोमियाई' काढतात, म्हणजे औषधी तेल. किंवा व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला त्याच महिन्यात कोणीतरी डांबर फासलं होतं त्याचा राणीला राग आलाय आणि तिला मुंबईकरांचा बळी पाहिजे. आज वाचताना हसू येतं कुणाकुणाला, मला येत नाही, कारण अफवेतलं तेल खोटं होतं पण तिच्या मुळाशी जे होतं ते लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं, ते म्हणजे आत गेलेली बहुतेक माणसं मरतच होती. ती का मरत होती तर लोक पेशंट लपवायचे, अगदी शेवटच्या घटकेला सापडायचा, मग हॉस्पिटलात पोचून काही तासांत संपायचा. तो मेला की अख्ख्या चाळीत बातमी, हॉस्पिटलात नेला आणि मारला. मग पुढचा पेशंट अजून जास्त लपवला जायचा. आर्थर रोडला डॉ. नसरवानजी चोक्सी यांच्यासारखे डॉक्टर साथीच्या ऐन काळात त्या वॉर्डांत राबत होते, पण त्यांची मेहनत भिंतीच्या आत होती आणि बाहेर फक्त प्रेतं येताना दिसत होती. एकट्या डॉक्टरने कितीही जीव ओतला तरी हे चक्र त्याच्या हातात नव्हतं.

२९ ला कामगार चालून आले आणि ३० ला स्नो साहेबांचा हुकूम सैल झाला. या तारखा एवढ्या लागोपाठ आहेत की त्यातून गिरणगावाने काय धडा घेतला असेल ते वेगळं सांगायला नको. विनंती करून काही मिळत नाही, चालून गेलं की मिळतं.

डॉक्टरांना तरी काय माहीत होतं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि प्लेगच्या गोष्टी सांगताना तो हमखास सुटतो. १८९४ मधे हाँगकाँगला येर्सिन आणि कितासातो यांनी प्लेगचा जंतू शोधला होता, म्हणजे जंतू माहीत होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा, ते माहीत नव्हतं. उंदरावरची पिसू तो पसरवते हे पॉल-लुई सिमाँ याने कराचीत शोधलं ते १८९८ मधे, आणि तेही सगळ्यांच्या गळी उतरायला पुढे बरीच वर्षं गेली. म्हणजे १८९६-९७ मधे जे काही केलं जात होतं, गटारं धुणे, भिंतींवर चुना, कार्बोलिक या जंतुनाशकाचे फवारे, माणसं तपासणे, ते घाण हवा आणि दूषित घर यांच्या अंदाजावर चाललं होतं. पिसूला त्याने विशेष काही होत नव्हतं, उंदीर मात्र एका घरातून दुसऱ्या घरात पळत होते. सक्ती पूर्ण होती आणि ज्ञान अर्धं होतं, आणि अर्धं आहे हे कोणी लोकांना सांगत नव्हतं.

याउलट आपल्या गावांकडे काय होतं तर उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडायचं, माळावर झोपड्या घालून राहायचं, आणि साथ ओसरली की परत यायचं. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची, "पिलेगात समदं गाव माळावर होतं." पुढे सरकारी डॉक्टरांनीही मान्य केलं की गाव रिकामं करणं हा सगळ्यात लागू पडणारा उपाय आहे. मुंबईतल्या लोकांनीही तेच केलं, १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळपास निम्मं शहर पळालं होतं. गिरण्यांना माणूस मिळेना, मालक एकमेकांचे कामगार फोडायला रोजच्या रोज रोख मजुरी देऊ लागले. ज्यांना अडाणी म्हणायचं त्यांचा हा अंदाज तेव्हाच्या कार्बोलिकपेक्षा बरोबर होता. म्हणून अविश्वास हा नेहमी चुकीचाच असतो असं समजून या विषयाकडे बघायला गेलं की पहिल्या पायरीवरच पाय घसरतो.

ज्यांना स्वतःचं हॉस्पिटल मिळालं

मार्च १८९७ मधे ब्रिगेडियर जनरल गॅटॅकर यांच्याकडे मुंबईच्या प्लेग कमिटीची सूत्रं आली. माणूस लष्करी होता, झडत्या त्यानेही घेतल्या, पण एक गोष्ट त्याने वेगळी केली, जमातींच्या पुढाऱ्यांशी बोलून त्यांना स्वतःची हॉस्पिटलं काढू दिली. पारशांचं फीव्हर हॉस्पिटल, खोजांचं, जैनांचं, वेगवेगळ्या हिंदू जातींची, अशी बरीच हॉस्पिटलं उभी राहिली. औषध काय वेगळं होतं? काहीच नाही, प्लेगवर तेव्हा औषधच नव्हतं. पण स्वैपाक आपल्याकडचा, पाणी आपल्या हातचं, नातेवाईक येऊन बसू शकतो, डॉक्टर बऱ्याचदा आपल्यातला, आणि माणूस गेलाच तर शेवटचे विधी आपल्या पद्धतीने. जे लोक आर्थर रोडच्या नावाने थरथरायचे तेच इथे पेशंट आणू लागले.

आपल्याला जातीनिहाय हॉस्पिटल ही कल्पना आज खटकते, मलाही खटकते, खटकायलाच पाहिजे. पण त्यातून जे दिसतं ते बघायला हवं. लोकांचा विरोध औषधाला किंवा खाटेला नव्हता. आत काय चाललंय हे बघता येत नाही, विचारता येत नाही, आणि आपल्या माणसाला हात कोण लावणार हे आपल्या हातात नाही, याला विरोध होता. रेल्वे स्टेशनांवर प्लॅटफॉर्मवरच बायकांच्या काखा आणि जांघा गाठींसाठी तपासल्या जायच्या, तपासणारे बरेचदा पुरुष. यावर घराघरात जो संताप झाला त्याला अंधश्रद्धा म्हणणं मला तरी जमणार नाही.

आता खोजा आणि सुईची गोष्ट. वाल्देमार हाफकिन, जन्म १८६० चा, ओडेसाचा. कॉलऱ्याच्या लशीसाठी १८९३ पासून हिंदुस्थानात फिरत होता. प्लेग आल्यावर ऑक्टोबर १८९६ मधे मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात छोट्याशा जागेत काम सुरू केलं, तीनेक महिन्यांत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली टोचली ती स्वतःला. मग भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा जे कैदी आपणहून पुढे आले त्यांना टोचली आणि न टोचलेल्यांशी तुलना केली. टोचलेल्यांमधे रोग कमी झाला. लस शंभर टक्के काम करत नव्हती, आणि तो तसा दावाही करत नव्हता.

शास्त्रज्ञाने स्वतःला टोचून घेतलं म्हणून शहर धावत आलं का, तर नाही. हाफकिन लोकांच्या दृष्टीने कोण? एक गोरा साहेब. इंग्रज नाही, रशियातून आलेला ज्यू आहे, सरकारी डॉक्टरांपैकी कित्येकांशी त्याचं पटत नाही, हे चाळीतल्या माणसाला कुठून कळणार? पण खोजांचे इमाम, तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह, तेव्हा फक्त १९ वर्षांचे, यांनी लोकांसमोर सुई टोचून घेतली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की काही होत नाही. स्वतःची खुश्रू लॉज ही वास्तू पुढे हाफकिनच्या प्रयोगशाळेला दिली. त्यानंतर खोजा लोक हजारोंनी आले. बगदादी ज्यू समाजातल्या फ्लोरा ससून यांनीही हाफकिनच्या लशीसाठी असाच शब्द खर्ची घातला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे म्हटली पाहिजे. खोजांचा विश्वास विज्ञानावर बसला असं मी म्हणणार नाही. त्यांचा विश्वास इमामावर होता, हाफकिनने ती पत उसनी घेतली. यात कमीपणा काहीच नाही, आपण सगळे असंच करतो, मला लशीमधलं रसायन कळत नाही, आमच्या फॅमिली डॉक्टर बाई घे म्हणाल्या म्हणून मी घेतो. पण पत उसनी घ्यायची तर देणारा लागतो, आणि तो प्रत्येकाकडे नव्हता. पारशांकडे शेटिया, म्हणजे बडे श्रीमंत शेठ, होते, जैन-भाटियांकडे व्यापारी महाजन होते, खोजांकडे आगाखान. त्यांच्याकडे पैसा होता, जनरल साहेबांशी बसून बोलायची ताकद होती. गिरणीतल्या मराठा, महार, कोकणी कामगाराकडे काय होतं? मुकादम. तो कामावर लावून देईल, खोली मिळवून देईल, हॉस्पिटल कुठून काढणार? मदनपुऱ्यातल्या जुलाहा विणकरांकडे, जे उत्तरेकडून आलेले गरीब मुसलमान, त्यांच्याकडे काय होतं? त्यांच्या वाट्याला आर्थर रोडच आलं. मला या प्रकरणातलं खरं दुखणं इथे दिसतं. जमातीजमातीतला विश्वासाचा फरक म्हणून जो दिसतो, त्यातला मोठा हिस्सा पैशाचा आणि वजनाचा आहे. ज्याला अटी घालता आल्या त्याने विश्वास ठेवला.

मदनपुरा

आणि म्हणूनच पुढचा भडका कुठे उडाला ते बघा. ९ मार्च १८९८, मदनपुरा. एका विणकराच्या घरी मुलगी आजारी, झडतीवाले आले, घरच्यांनी परक्या पुरुषाला मुलगी तपासू द्यायला नकार दिला, माणसं जमली, दगड सुरू झाले, गोळीबार झाला, माणसं मेली. दंगल शहरभर पसरली, हॉस्पिटलांवर आणि गोऱ्या सोल्जरांवर हल्ले झाले, मागोमाग बंदरातल्या मजुरांनी आणि गाडीवाल्यांनी काम बंद केलं. यात हिंदू-मुसलमान असा झगडा नव्हता हे मुद्दाम सांगतो, कारण पाच वर्षांपूर्वीच, १८९३ मधे, याच शहरात तशी मोठी दंगल होऊन गेली होती. या वेळी राग प्लेगच्या कारभारावर होता. आणि पुन्हा तेच झालं, भडका उडाल्यावरच सक्ती सैल झाली. घरी ठेवून उपचार, स्थानिक माणसांना सोबत घेऊन तपासणी, स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर, या ज्या गोष्टी पहिल्या दिवशी विचारून करता आल्या असत्या त्या दीड वर्षाने गोळ्या झाडून झाल्यावर हळूहळू आल्या.

पुण्याचं सगळ्यांना पाठ आहे म्हणून लांबवत नाही. रँड, गोरे सोल्जर घरात, देवघरात, स्वैपाकघरात, २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या, चापेकर बंधू. पण दोन गोष्टी त्यातही लक्षात घ्यायच्या. झडत्यांवर कडाडून टीका करणाऱ्या टिळकांनीच पुण्यात हिंदू प्लेग हॉस्पिटल उभं करायला पुढाकार घेतला, म्हणजे त्यांचा विरोध उपचाराला नव्हता. आणि दुसरी, झडत्यांचा कहर सुरू व्हायच्या जरा आधी, १० मार्च १८९७ ला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुलगा यशवंत डॉक्टर, त्याने हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना उघडला होता, आणि सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातून एका आजारी पोराला पाठीवर घेऊन तिथे आल्या होत्या. त्या पोराच्या घरच्यांनी त्याला त्यांच्या पाठीवर दिलं, लपवलं नाही. प्लेगविषयी मी जेवढं वाचलंय त्यात डॉक्टरवरच्या विश्वासाचं याच्याहून स्पष्ट चित्र मला सापडलेलं नाही.

हाफकिनचं पुढे काय झालं तेही या प्रकरणाचाच भाग आहे. ऑक्टोबर १९०२ मधे पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. हाफकिनला कामावरून दूर केलं. चूक गावात बाटली उघडताना झाली होती, प्रयोगशाळेत नाही, हे सिद्ध होऊन तो निर्दोष ठरेपर्यंत १९०७ उजाडलं. तिकडे पंजाबात लोकांनी लस घेणं धडाधड सोडलं. तिथे आधीपासून अफवा होत्याच, की सुई हातभर लांब असते, टोचली की पुरुष नामर्द होतो आणि बाई वांझ. मुलकोवालने त्यांना एक खरी घटना मिळवून दिली. मला यात सगळ्यात जास्त हे खुपतं की पाच वर्षं सरकारी यंत्रणा जबाबदारी कोणाची यावर भांडत बसली आणि ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांना नेमकं काय झालं ते नीट सांगायला कोणाला वेळ नव्हता. बाटली एकच होती, पण भीती लाखोंना बसली. हिंदुस्थानात पुढच्या वीसेक वर्षांत प्लेगने एक कोटीहून जास्त माणसं नेली, त्यातली सगळ्यात जास्त पंजाबात.

४ फेब्रुवारी १८९७ ला याच साथीसाठी केलेला साथरोग कायदा २०२० मधे कोविडला लावला गेला हे बऱ्याच जणांना माहीत असेल. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती करून डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, ते योग्यच झालं, हल्ला करणाऱ्याची बाजू मी कधीच घेणार नाही. पण पेशंटच्या घरच्यांना रोज काय कळवायचं, कोणी कळवायचं, यावर त्या कायद्यात १८९७ मधेही काही नव्हतं आणि आताही नाही.

२०२० च्या जूनमधे माझ्या काकांना नेलं तेव्हा चार दिवस आम्हाला एक शब्द कळला नव्हता. ज्या हॉस्पिटलात होते तिथला फोन कोणी उचलायचं नाही. काकू शिकलेली, बँकेतून रिटायर झालेली बाई, तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "अरे, किडनी वगैरे काढत तर नसतील ना रे?" मी तिच्यावर चिडलो, ओरडलो, आणि मग मोमियाईबद्दल वाचलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. पाचव्या दिवशी आमच्याच गल्लीतला एक पोरगा तिथे वॉर्डबॉय आहे असं कळलं. त्याने रात्री ड्यूटी संपता संपता व्हिडिओ कॉल लावला, काका मास्क लावून झोपलेले, हात हलवला. काकू त्यानंतर रोज सांगायची, तिथले डॉक्टर फार चांगले आहेत. त्यांच्यातल्या एकाचंही नाव तिला माहीत नव्हतं.

आर्थर रोडचं ते हॉस्पिटल म्हणजे आजचं कस्तुरबा. मार्च २०२० मधे मुंबईचे पहिले कोविड पेशंट तिथेच ठेवले होते.